थांबलेल्या रक्तातून

मी गुरुदत्तच्या रक्तातलं एक प्रथिन बोलतोय. डॉक्टरलोक मला सीईटीपी म्हणतात. जन्म त्याच्या लिव्हरमधला. आयुष्य जेमतेम काही दिवसांचं, त्यामुळे मागचं बरंचसं मी आधीच्या भावंडांकडून ऐकलेलं.

चरबी रक्तात विरघळत नाही. ती बारीक कणांत भरून फिरते आणि त्या कणांमधली देवाणघेवाण मी करतो. एचडीएल या 'चांगल्या' म्हणवणाऱ्या कणांकडचं कोलेस्टेरॉल घ्यायचं, एलडीएल या 'वाईट' कणांना आणि त्यांच्या जातभाईंना द्यायचं, आणि त्यांच्याकडची ट्रायग्लिसराइड नावाची चरबी उलट पोचवायची. चांगलं-वाईट मला कळत नाही. धडधाकट माणसाचं लिव्हर एलडीएलला परत आत ओढून घेतं. गुरुदत्तच्या लिव्हरवर त्यासाठीची दारं जन्मापासूनच कमी. दुखणं घराण्यातलं. आम्ही एलडीएल भरत राहिलो, आणि ते कण त्याच्या हृदयाच्या धमन्यांत थर धरत राहिले.

त्याचा मोठा भाऊ निनाद पुण्यात ऐन चाळिशीत याच दुखण्याने, हार्ट अटॅकने गेला. गुरुदत्तने ऑस्ट्रेलियात, वॉलॉंगॉंगच्या घरात बसून फोनवर अंत्यविधी पाहिला. मग बायकोने, ऋताने, त्याला धरूनच डॉक्टरकडे नेलं. गोळ्यांनी लिव्हरवर नवी दारं उघडली. पण त्याचे पाय दुखायला लागले आणि कुणालाही न विचारता त्याने गोळ्या सोडल्या.

ऋताला कळलं तेव्हा मी होतो.

"अरे, डॉक्टरला सांग ना! दुसरी गोळी देतील."

"बघू गं. शिफ्टला उभं राहायचं असतं मला. आणि सगळ्यांचं काही निनादसारखं होत नाही."

बोलला खरा, पण काळीज धडधडत होतं. घाबरलेल्या माणसाचं रक्त कसं पळतं, ते आम्हाला लपत नाही.

त्याच आठवड्यात शनिवारी आर्वोला, म्हणजे दुपारनंतर, मित्रांबरोबर बीचवर बार्बेक्यू होता. त्याच्या छातीत कळ आली. "ॲसिडिटी रे. नो वरीज," म्हणत तो गाडीत जाऊन बसला. एकटाच. आत धमनीतला थर फुटला, त्यावर रक्त गोठलं आणि वाट बंद झाली. मित्र बघायला आले तोवर उशीर झाला होता. ॲम्ब्युलन्सवाल्यांनी शर्थ केली. रक्त थोडं हललं, मग कायमचं थांबलं.

आता हॉस्पिटलच्या खोलीत ऋताचा हात त्याच्या कपाळावर आहे. लेक ऋतिका युनिच्या लायब्ररीतून धावत आलीय, भिंतीला टेकून रडतेय.

"ऋतिका, तुझं रक्त तपासायचंय."

"आई, प्लीज. नॉट नाउ."

"आत्ताच. मी नर्सला विचारते कुठे जायचं ते." ऋता उठली.

पोरीच्या रक्तातही माझ्यासारखे असतील, काही न कळता कोलेस्टेरॉल भरत असतील. आम्हाला सांगून उपयोग नाही. ऋतिका, तुला मात्र सांगता येतं.

बाळ, बाही वर कर.