पोपटचा बेंजो

मोहने गावात कुणाची हळद निघाली की सुपारी पोपटच्या बेंजो पार्टीलाच जायची. पोपट बेंजोवर, धाकटा भाऊ गोविंदा ढोलकीवर, उत्तम ताशावर, बाकीची पोरं पॅड आणि कच्ची ढोलावर. भोंगे लावलेली हातगाडी गल्लीत शिरली की गुडघे धरून बसलेल्या म्हाताऱ्याही पदर खोचून उठायच्या.

मग करोना आला. पहिल्या वर्षी हळदी बंद झाल्या, दुसऱ्या वर्षी पोपट गेला. दवाखान्यात नेलेला माणूस घरी परत आलाच नाही, परस्पर स्मशानात गेला. ज्यानं आसपासच्या सगळ्या गावांची लग्नं वाजवली, त्याच्यामागे चालायला चौघं नव्हते. गोविंदानं सगळं सामान माळ्यावर टाकलं आणि शिडी काढून घेतली. उत्तमनं विठ्ठलवाडी स्टेशनला रिक्षा लावली. पोरं मिळेल त्या कामाला गेली. भावाचं नाव गोविंदाच्या तोंडून कुणी पुन्हा ऐकलं नाही. संचितानंसुद्धा नाही, आणि ती तर पोपटची मुलगी.

संचिता ठाण्याच्या नौपाड्यात एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला होती. त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर दर्शनाताई गाण्याचे वर्ग घ्यायच्या. एकदा दाढ दाखवायला आल्या तेव्हा त्यांनी सांगितलं, "जपानी वकिलात अनुदान देतेय. महामारीत मोडून पडलेल्या छोट्या कलापथकांसाठी. तिकडची एक वादक इथे येऊन काही दिवस तुमच्याबरोबर सराव करणार, आणि शेवटी ठाण्यात कार्यक्रम. तुझ्या बाबांची पार्टी होती ना गं?"

संचितानं घरी विषय काढला तेव्हा गोविंदा जेवत होता. तो म्हणाला, "वकिलातीला आपलं काय काम? आपण काय विसा मागाय गेलोय?"

"काका, अर्ज तर करू. नाही मिळालं तर नाही."

"लिही तुला लिहायचं ते. मना नको विचारू."

पण मुलाखतीला तो आला. दर्शनाताईंच्या वर्गात लॅपटॉपसमोर इस्त्रीचा शर्ट घालून बसला. पडद्यावरच्या बाईंनी हिंदीत नीट, सावकाश प्रश्न विचारले. पार्टी कधीची, किती जण होते, आता किती परत येतील. मग त्यांनी विचारलं, "बेंजो कोण वाजवतं?"

गोविंदानं मान खाली घातली. खरं तर उल्हासनगरहून कुणी वादक भाड्यानं आणायचं ठरलं होतं. संचितानं तेच सांगायला तोंड उघडलं, आणि तिच्या तोंडून निघालं, "मी वाजवते."

बाहेर आल्यावर काकानं रिक्षा थांबवली. रिक्षात बसल्यावर म्हणाला, "बोललीस ना? आता वाजव."

ती अगदीच खोटं बोलली नव्हती. लहानपणी बापानं तिला एका मोडक्या, छोट्या बेंजोवर शिकवलेलं. पण ते घरात, रविवारी दुपारी. मोठ्या बेंजोला तो कुणाला हात लावू देत नसे, आणि पार्टीत बाई वाजवते हे मोहन्यात कुणी पाहिलेलं नव्हतं.

अनुदान मिळालं, उत्तम आणि काही पोरं सरावाला परत आली. जपानी वादक मोरिता बाई आल्या तेव्हा समाजमंदिराच्या ओट्यावर अर्धं गाव जमलेलं. साठीच्या पुढच्या, बारीक चणीच्या बाई. सोबत दुभाषी म्हणून मुंबईची रसिका. बाईंनी फुलाफुलांच्या कापडात बांधलेलं वाद्य सोडलं. लांबट पेटी, वर तारा, तारांवर टाइपरायटरसारखी बटणं.

उत्तम वाकून बघत राहिला. "अरे, हा तर आपलाच बेंजो हाय."

रसिकानं समजावलं, की हे वाद्य मूळचं जपानचंच. तिकडून कधीतरी कुणी इकडे आणलं, आणि आपल्याकडे त्याचा बेंजो झाला.

"म्हणजे माहेरची माणसं भेटाया आलीत म्हण की," उत्तम म्हणाला. रसिकानं ते जपानीत सांगितलं, तशा बाई तोंडावर हात ठेवून हसल्या.

सराव सुरू झाला आणि संचिताची पंचाईत झाली. माळ्यावरून काढलेल्या बापाच्या बेंजोवर तिचा हात चालेना. सुरुवात बरी व्हायची, पण चाल वेगात आली की डाव्या हाताचं तिसरं बोट अडखळायचं आणि शेजारचं बटण दाबलं जायचं. उत्तम ताशा थांबवून छताकडे बघायचा. गोविंदा पुन्हा पहिल्यापासून धरायचा, चेहऱ्यावर काही न दाखवता. ती घरी जाऊन उशीवर बोटं नाचवून बघायची, तिथे सगळं बरोबर यायचं. आपण उगाच मोठेपणा घेतला, असं तिला वाटू लागलं. बापाच्या जागेवर बसायला निघालो आणि त्याचं वाद्यच आपल्याला उठवतंय.

एका सकाळी मोरिता बाईंनी तिला थांबवलं. तिचा हात हातात घेऊन बोटं पाहिली, मग बेंजो स्वतःच्या मांडीवर घेतला. मधली तीन बटणं बाकीच्यांपेक्षा उंच होती. लाकडाचे तुकडे चिकटवून, वरून काळा दोरा घट्ट गुंडाळलेला. बाईंनी काहीतरी विचारलं.

"ही बटणं अशी कुणी केली?" रसिका म्हणाली.

उत्तम सांगायला लागला, "त्याचं असं झालेलं, आमचा पोपट..."

"मी सांगतो," गोविंदा म्हणाला.

ढोलकी बाजूला ठेवून तो पुढे सरकला. "दादा आठवीत असताना भात कापाय गेलेलो आम्ही. विळा लागून त्याच्या बोटाचा शेंडा गेला. डाव्या हाताचं हे तिसरं बोट. मग बेंजो शिकाय लागला तर ते बोट पोचायचं नाही. सगळे बोलले, ढोल शीक. तो बोलला, बोट वाढत नाही तर बटण वाढवू." बटणांवरच्या दोऱ्याला बोट लावून तो म्हणाला, "दोरा सुटला की नवा गुंडाळायचा. माझ्याकडून धरून घ्यायचा एक टोक."

रसिका हळू आवाजात भाषांतर करत होती. बाईंनी ऐकून घेतलं. मग स्वतःचं तिसरं बोट मुडपलं आणि मुडपलेल्या बोटानं, अगदी सावकाश, आठवडाभर ऐकलेली हळदीची चाल वाजवून पाहिली. बोट बरोबर उंच बटणांवर पडत गेलं. तिथे सूर किंचित मागे रेंगाळत होता. पोपटचा रेंगाळायचा तसाच. संचितानं जन्मभर ऐकलेली ती बापाची लकब होती. ती बोटामुळे होती, हे तिला आज कळलं.

गोविंदा उठून बाहेर गेला. खिडकीतून दिसत होतं, तो वडाच्या पारावर पाठ करून बसलेला, खांदे हलताहेत. उत्तम त्याच्याजवळ जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी संचिता आली तेव्हा काका समाजमंदिरात आधीच येऊन बसला होता. बेंजो मांडीवर, हातात ब्लेड. दोऱ्याचे वेढे कापून खाली पडलेले, आणि तो लाकडाचा एकेक तुकडा जपून सुटा करत होता.

"काका, अरे काय करतोस? राहू दे ना. बाबांनी केलेलं ते."

"त्याच्या बोटासाठी केलेलं. ते बोट गेलं त्याच्याबरोबर," तो मान वर न करता म्हणाला. "तुझी बोटं धड हायेत, बाय."

तिला रडू आलं. तिनं ते आवरलं नाही आणि काकानंही गप्प हो म्हटलं नाही. शेवटी त्यानं बटणांवर साचलेला जुना गोंद खरवडला, फडक्यानं पुसलं आणि बेंजो तिच्याकडे दिला. वाजवताना तिसरं बोट अडलं नाही. सूरही कुठे रेंगाळला नाही. ते ऐकताना तिला मोकळंही वाटलं आणि काहीतरी कायमचं गेलं असंही.

ठाण्यातला कार्यक्रम चांगला झाला. लोकांनी खुर्च्यांवर बसून टाळ्या वाजवल्या. "एक माणूस नाचाय उठला नाही," याचं उत्तमला परतीच्या वाटेवरही वाईट वाटत होतं. मोरिता बाईंनी निघताना संचिताला तारा छेडायची आपली नखी दिली, आणि गोविंदासमोर कमरेत वाकल्या. गोविंदा गडबडला. काय करावं न सुचून तोही वाकला.

नंतर दर्शनाताईंनी वकिलातीसाठी अहवाल लिहायला घेतला. त्यात विचारलेलं, पथक पूर्वीसारखं उभं राहिलं का? त्यांनी ते संचितालाच विचारलं. "पूर्वीसारखं नाही म्हणा," ती म्हणाली. "पण उभं आहे."

पुढच्या लगीनसराईत टिटवाळ्याजवळच्या एका हळदीची सुपारी आली. मांडवापाशी पोचल्यावर नवऱ्या मुलाच्या मामानं गाडीजवळ उभ्या संचिताकडे बघून विचारलं, "पोरगी वाजवणार?"

"बेंजो तीच वाजवते," गोविंदा म्हणाला आणि ढोलकीची दोरी ताणू लागला.

मांडवात बायका आधी लांबूनच बघत होत्या. संचिता पहिल्या चालीत एकदा चुकली. गोविंदानं तिच्याकडे पाहिलं नाही, फक्त ठेका जरा चढवला. तेवढ्यात हळद माखलेली एक जाडजूड आत्या मधे आली, दोन्ही हात वर करून गिरकी घेतली आणि ओरडून म्हणाली, "थांबू नको गं, वाजव."

संचिता वाजवत राहिली.