तिसऱ्या मजल्यावरचा निरोप

त्र्याऐंशी साली दिल्लीत अलिप्त राष्ट्रांची मोठी परिषद भरली आणि इकडे वाशीतल्या प्रगती सोसायटीच्या अंगात वारं शिरलं. चेअरमन रावसाहेबांनी इमारतीसमोरच्या मोकळ्या जागेत ‘आफ्रो-आशियाई मैत्री मेळावा’ घ्यायचं ठरवलं. मैत्रीची सोय आयतीच होती. मस्कतला गेलेल्या एका मालकाच्या घरात, तिसऱ्या मजल्यावर, टेंडाई नावाचा झिंबाब्वेचा विद्यार्थी भाड्यानं राहत होता. त्याचा देश स्वतंत्र होऊन जेमतेम तीन वर्षं झालेली. असा पाहुणा घरबसल्या मिळाल्यावर आणखी काय हवं?

पताका चिकटवायचं काम धर्मराजकडं आलं. महाप्याच्या कारखान्यात आठवडाभर मान मोडून कारकुनी केल्यावर सुट्टीच्या दिवशी खळ लावत बसायचा त्याला कंटाळा आला होता, पण नाही म्हणायची छाती नव्हती. जालन्याकडचं हे बौद्ध कुटुंब. सिडकोच्या सोडतीत घर लागलं, तरी पहिली काही वर्षं जिन्यात कुणी थांबून बोललं नाही. मग कसं कोण जाणे, त्याला कमिटीत घेतलं, आणि शेजारच्या मालतीबाई त्याच्या बायकोकडं, सुनीतीकडं, वाटीभर साखर मागायला येऊ लागल्या. त्या वाटीभर साखरेचं धर्मराजला फार मोल होतं. ते हातचं जाऊ नये म्हणून तो शब्द न् शब्द तोलून बोलायचा.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी कमिटी बसली. मालतीबाईंचे यजमान मधुकर म्हणाले, “तो काळा पोरगा जिन्यातनं येतो-जातो, बायकापोरींना टेन्शन येतं. त्याला रूम खाली करायला सांगा.”

“त्यानं काही केलंय का?” धर्मराजनं विचारलं.

“केलं नाय अजून. केल्यावर बोलून काय उपयोग?”

रावसाहेबांनी मधला मार्ग काढला. आधी त्याचं भाषण होऊ द्यावं, मग सांगावं. “आणि धर्मराज, ते तुम्हीच सांगा. तुमचं तो ऐकेल. तुम्हा लोकांना यातलं जास्त कळतं.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. धर्मराजनंही डोलावली.

मेळाव्यात टेंडाई छान बोलला. गोऱ्यांनी घेतलेली आजोबांची जमीन, लढाईत गेलेला काका, आणि अडचणीच्या काळात पाठीशी उभा राहिलेला भारत. रावसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते नाटक नव्हतं. त्यांनी त्याला नारळ दिला, मिठी मारली. मांडव रिकामा झाल्यावर धर्मराजकडं बघून त्यांनी भुवई वर केली.

जिना चढताना धर्मराजला वाटलं, हा संपूच नये. टेंडाईनं दार उघडलं आणि स्टोव्हकडं वळला.

“आओ अंकल, चाय रखता हूँ. आप क्यों आए, मालूम है मुझे.”

“कैसे मालूम?”

“ठाणे में भी ऐसाच हुआ. वहाँ भी एक अंकल को भेजा. बहुत शरमाते थे. बोले, बेटा, मुझ पे गुस्सा मत होना.” त्यानं कप पुढं केला. “उनके घर में नीले कोटवाले साहब का फोटो था. आपके घर में भी है ना? दरवाजा खुला रहता है, मैं आते-जाते देखता हूँ.”

धर्मराजनं कप तसाच खाली ठेवला. ठाण्याचा तो माणूस त्यानं कधी पाहिला नव्हता, पण त्याची शरम त्याला पुरेपूर माहीत होती. त्याला स्वतःचा राग आला. धड रागवायचंही त्राण अंगात उरलं नव्हतं.

“एक्झाम कब है?”

“अप्रैल में.”

“पढो. किधर मत जाओ.”

खाली मांडवाच्या दोऱ्या सोडत होते. रावसाहेबांनी विचारलं, “सांगितलं?”

“नाही सांगितलं. तुमी जा आन् सांगा.”

रावसाहेबांनी मधुकरकडं पाहिलं. मधुकर खुर्च्या घडी करू लागले.

“धर्मराज, आम्ही तुम्हाला आपलं मानलं होतं.”

“व्हय. म्हनून तर हे काम मला दिलं.”

वर कुणीच गेलं नाही. सगळ्यांना एकदम मांडव आवरायची घाई झाली.

घरी सुनीतीनं त्याचा चेहरा बघून आधी पाणी दिलं. त्यानं झालं तेवढं सांगितलं आणि शर्टही न काढता खाटेवर आडवा झाला.

“मग आता?” तिनं विचारलं.

“आता काय,” तो म्हणाला, “आपल्याला सांगायला कुनाला धाडत्यात, बघू.”