फळ्यावरचा खोटा आकडा

मी फळा. खडूने लिहितात तो, काळा. शाळेतून निवृत्त झालो आणि केटररच्या स्वयंपाकघरात भिंतीला लागलो. शाळेत माझ्यावर चुकीचं लिहिलं की कोणीतरी हात वर करायचं. इथे बारा वर्षांत एकाही माणसाने हात वर केलेला नाही, म्हणून आज मीच बोलतोय.

माझ्या डाव्या बाजूला पदार्थ लिहितात, उजव्या बाजूला पाहुण्यांचा आकडा. पदार्थ बदलत राहतात. आकडा मात्र नेहमी खोटाच असतो. लग्न लागतं, लोक जेवतात, मोठाल्या पातेल्यांतला उरलेला भात घमेल्यांनी मागच्या कचरागाडीत ओततात आणि ओल्या फडक्याने मला पुसतात. पुरावा नष्ट! इतका बिनबोभाट गुन्हा मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही.

त्या आठवड्यात मालकाला एका मुलीचा फोन आला. रविवारी तिचं लग्न. ती म्हणाली, "मेनू पर्यावरणपूरक हवा." मालक म्हणाला, "एकदम करतो, ताई." फोन ठेवला आणि खडू घेऊन त्याने नेहमीचे बावीस पदार्थ लिहिले. त्याखाली रेघ मारली आणि लिहिलं: पूरक. पुढे आणखी नऊ. मोड आलेली कडधान्यं, भाजलेला भोपळा, बिनसाखरेचं काहीतरी.

"हे काय?" आचारीमावशींनी विचारलं. चाळीस वर्षं चुलीपुढे उभ्या आहेत त्या. मालकही त्यांना वचकून असतो.

"पर्यावरणपूरक. पूरक म्हणजे जोडीला. पूरक आहार नसतो का? तसं."

मला हसूही येईना. चूक त्या एकट्याची आहे का? सगळीकडे हेच तर चाललंय. आहे ते तसंच ठेवायचं आणि खाली रेघ मारून पर्यावरण जोडायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नवरीमुलगी आली. सोबत वडील आणि मोठे काका. तिने मला वरपासून खालपर्यंत वाचलं. एकतीस पदार्थ! आधी तिला हसू फुटलं, मग तिने पदार्थ पुन्हा मोजले.

"छान आहे की," काका म्हणाले. "भरगच्च."

"काका, मला सहा हवेत."

"सहा? हे लग्न आहे की डबा?"

"मी कुठे काम करते, माहीत आहे ना तुम्हाला?"

काकांनी मान फिरवली. घरात त्या कामाचं नाव कोणी घेत नसावं. ती कचरा डेपोवर पर्यवेक्षक आहे. तिच्या शेडमध्ये तीस बायका हाताने कचरा वेगळा करतात.

"त्या तीसही जणी येणार आहेत," ती म्हणाली. "रविवारी माझ्या लग्नात जेवतील आणि सोमवारी तेच नासलेलं अन्न हाताने उपसतील? कुठल्या तोंडाने उभी राहू मी त्यांच्यासमोर?"

तिने तळहाताने माझी डावी बाजू पुसून टाकली. ओलं फडकं वगैरे काही नाही, नुसता हात. भात, डाळ, पाव, भोपळा, दह्यातली काकडी, फळं. बाजारात सध्या जे ढिगाने येतंय तेवढंच तिने लिहिलं. कागदी पेल्यांऐवजी स्टीलचे. मालकाचा चेहरा पडला.

आचारीमावशींनी मात्र तोंड उघडलं. "पोरी, पदार्थ कमी करून काही होत नाही. नासाडी तिकडे आहे." त्यांनी झारा माझ्या उजव्या बाजूकडे रोखला. तिथे चारशे लिहिलं होतं.

"चारशे कोणी सांगितले?" मुलीने विचारलं. "मी प्रत्येक घरी फोन केलाय. दोनशे ऐंशी येणार आहेत."

वडील खाकरले. "मी साडेतीनशे सांगितले. म्हटलं, असू देत हाताशी."

"आणि मी चारशे लिहिले," मालक म्हणाला. "लोक नेहमी कमीच सांगतात."

"मावशी, तुम्ही?"

"मी साडेचारशेंचं चढवते." मावशींनी पदराला हात पुसले. "फळ्यावर विश्वास ठेवून कोणी स्वयंपाक करतं का?"

बघा! माझ्या तोंडावर बोलल्या. आणि खरंच होतं ते. तिघांनी आपापली भीती गुपचूप त्या आकड्यात मिसळली होती आणि त्या भीतीची दीडशेहून जास्त पानं शिजणार होती.

"कमी पडलं तर?" वडिलांचा आवाज अगदी बारीक झाला. "अहो, मुलीच्या लग्नात कोणी उपाशी गेलं तर..."

"नाही जाणार," मावशी म्हणाल्या. "पन्नास जणांचं चिरून, धुऊन ठेवते. शिजवत नाही. लागलं तर चढवीन. वीस मिनिटं थांबतील लोक, मरत नाहीत. नाही लागलं तर भाजी दुसऱ्या दिवशी कुठेही वापरता येईल."

"वीस मिनिटं?" काका उसळले. "माझ्या ओळखीचे लोक पंगतीत ताटकळणार? अब्रूचा पंचनामा करून घ्यायचाय का?"

मुलीने चारशे पुसलं आणि दोनशे ऐंशी लिहिलं. बारा वर्षांत पहिल्यांदा माझ्यावर खरा आकडा आला.

रविवारपर्यंत मला चैन नव्हतं. मावशी येता-जाता त्या आकड्याकडे बघायच्या. मालकाने दोनदा खडू उचलला, दोनदा ठेवला.

लग्नाला मी जात नाही. भिंतीवरून कसा जाणार? पण संध्याकाळी मावशी परतल्या त्या बोलतच. काकांनी न सांगता सव्वीस मित्र आणले होते. कमी पडतं हे दाखवायलाच, दुसरं काय! शेवटच्या पंगतीला भात संपला. मावशींनी धुऊन-चिरून ठेवलेलं चढवलं. बावीस मिनिटं लागली, काका घड्याळ धरून उभे. मग गरम वाढलं आणि त्यांच्याच मित्राने विचारलं, "अरे वा, तुमच्याकडे ताजं करून वाढतात?" काकांनी खाली मान घालून जेवण उरकलं. पुतणीशी ते अजून बोलत नाहीत.

सोमवारी तिचा फोन आला. लग्नाची सुट्टी असूनही ती डेपोवर पहिली गाडी बघायला गेली होती.

"मावशी, आपली गाडी आली. सालं, देठं, बिया."

"शिजलेलं?"

"डाळ. दोन घमेली."

मावशी स्टुलावर बसल्या. "डाळीत माझा हात सुटला गं. भीती जात नाही इतक्या लवकर. त्या बायका काय म्हणाल्या?"

"एक जण म्हणाली, डाळ झकास होती. वाढताना एवढा आखडता हात कशाला घेतला?"

हा प्रश्न मला रोज टोचतो. तुम्हालाही टोचू दे.

मालक मात्र मालकच. त्याने बाहेर पाटी लावली आहे: येथे पर्यावरणपूरक मेनू मिळेल. आणि माझ्यावर पुन्हा बावीस पदार्थ, खाली रेघ, खाली नऊ. माझी उजवी बाजू तेवढी अजून कोरी आहे.

आत्ता समोर खुर्चीवर एक बाप बसलाय. मुलाचं लग्न आहे. मालकाने विचारलं, "किती माणसं धरू?" बाप छताकडे बघत मनातल्या मनात काहीतरी वाढवतोय.

बाबा रे, खरा आकडा सांग. मी पुसला जाईन, पण तू वाढवलेला आकडा उद्या कुणाच्या तरी हातांना उपसावा लागेल.