सगळे ठिपके रेषेवर

तो रविवार होता आणि बाबा जेवणाच्या टेबलावर भिंतीवरचं घड्याळ उघडून बसले होते. घड्याळ दिवसाला चार मिनिटं मागे पडत होतं. नवीन आणू या, असं मी दोनदा म्हणून पाहिलं होतं. "चार मिनिटांसाठी कोणी कोणाला घराबाहेर काढतं का?" एवढंच उत्तर मिळालं.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला माझा लॅपटॉप होता. दहा दिवसांनी कॉलेजात सोबत्यांची बैठक होती, तिची तयारी चालली होती. हा उपक्रम मी सहा वर्षं चालवते आहे. विज्ञान शाखेत नव्याने आलेली मुलं पहिल्या चाचणीनंतर गळू लागतात. कोणी शाखा बदलतं, कोणी नुसतंच यायचं थांबतं. म्हणून दर चार नव्या मुलांमागे वरच्या वर्षाचा एक सोबती द्यायचा. सोबत्याने शिकवायचं नाही. आठवड्यातून एकदा शेजारी बसायचं आणि एक प्रश्न विचारायचा. 'कळलं का?' हा प्रश्न आमच्याकडे बंद आहे. त्याला 'हो' याखेरीज उत्तर येत नाही. विचारायचं, 'कुठवर कळलं?'

"ठमाबाई, तो बारका स्क्रू तुमच्या वहीखाली गेलाय," बाबा म्हणाले. मी चाळिशी ओलांडली होती आणि घरात अजून ठमाबाईच होते. स्क्रू दिला. तो बसवता बसवता ते म्हणाले, "परवा तुझी ती सोबतीण आली होती."

"फाइल द्यायला. हो."

"तू अंघोळीला गेली होतीस. मी तिला म्हटलं, काय शिकवतात गं तुमच्या मॅडम? तर पोरीने मला गोष्टच सांगितली. एका लॅबमामाची."

माझी बोटं थांबली.

"मी पूर्ण ऐकली. मधे बोललो नाही," बाबा म्हणाले. "शेवटी म्हटलं, बरा माणूस दिसतोय."

"बाबा."

"सांगते छान. हात हलवायची ढब अगदी तुझी उचललीय." त्यांनी घड्याळाची पाठ बंद केली, फुंकर मारली आणि वर न बघता म्हणाले, "फक्त सगळे ठिपके रेषेवर बसतात."

मग ते स्टुलावर चढले. मी स्टूल धरलं आणि शब्द जुळवत राहिले. घड्याळ खिळ्याला अडकवून ते खाली उतरले, म्हणाले, "आता उद्या बघू किती खातं ते," आणि चहा टाकायला आत गेले. जुळवलेले शब्द तसेच राहिले. उद्या बोलू, असं मीही ठरवलं.

सोमवारी सकाळी बाबा उठले नाहीत. घड्याळ बरोबर चाललं होतं.

*

ती गोष्ट मी दर वर्षी सांगते. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत एक मामा होते. कॉलेजात अशा माणसाला आडनाव नसतं. पोरांपासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांचे ते मामाच. शिक्षण आठवीपर्यंत. काम म्हणजे कपाटातली उपकरणं काढून द्यायची, मोजून परत घ्यायची, पुसून ठेवायची आणि मुलांच्या प्रयोगवह्या सरांच्या टेबलावर पोचवायच्या. पोचवता पोचवता ते वह्या चाळत. विषय त्यांना कळत नव्हता, पण आपली उपकरणं पोटच्या पोरांसारखी ठाऊक होती. सात नंबरचं स्टॉपवॉच मिनिटामागे अर्धा सेकंद खातं, तीन नंबरच्या व्हर्नियरचा जबडा किंचित तिरका आहे, दोन नंबरच्या लंबकाचा दोरा ताणला जातो. त्यामुळे एखाद्या वहीत आलेख अगदी नेटका आला, एकही ठिपका रेषेच्या इकडेतिकडे नाही, की मामा ओळखत: हा शेजारच्याचा उतरवलाय.

"आपल्या घड्याळांना इतकं नीट येतच नाही," ते म्हणत. "सगळे ठिपके रेषेवर बसले की समजावं, पोर गटांगळ्या खातंय."

ते सरांकडे चहाडी करत नसत. दुसऱ्या वर्षाच्या कोणाला तरी गाठत. "ताई, या पेटीतले रेझिस्टर सगळे मिसळलेत. एकटीच्याने व्हायचं नाही, ती कोपऱ्यातली मुलगी घ्या जोडीला." आणि ट्रे हातात देताना हळूच, "तिला कळलं का म्हणून विचारू नका. कुठवर कळलं, असं विचारा."

सरांनाच का सांगत नाही, असं त्यांना कोणीतरी एकदा विचारलं. मामा म्हणाले, "जिन्यात एक पायरी पुढे असलेल्याचा हात पोचतो. वरच्या मजल्यावरून नुसती हाक येते."

इथे गोष्ट संपते. मुलं ते जिन्याचं वाक्य वहीत उतरवून घेतात. गोष्टीतला शब्दन् शब्द खरा आहे.

जे गोष्टीत नाही ते असं. कॉलेजच्या पहिल्या दिवशी माझ्या टेबलावर आणखी तिघी होत्या. एकीचे वडील डॉक्टर, एकीचे वकील, एकीचे बँकेत. माझी सांगायची पाळी यायच्या आत तास सुरू झाला आणि उपकरणं आणायला मलाच पाठवलं. कपाटापाशी निळ्या कोटात बाबा उभे होते. त्या तिघी बघत होत्या. माझ्या तोंडून गेलं, "मामा, व्हर्नियर द्या."

बाबांची पापणीही हलली नाही. "कितवं टेबल, ताई?" त्यांनी विचारलं.

संध्याकाळी घरी ते एवढंच म्हणाले, "व्हर्नियर पुसून परत दिलंस. बाकीच्यांनी तसंच टाकलं." मी भांडी विसळत होते. वळले नाही.

पुढे तीन वर्षं फाटकाच्या आत ते मामा होते आणि बाहेर बाबा. मला ते आत 'ताई' म्हणत. एकदा तरी चुकतील आणि ठमे अशी हाक मारतील, अशी मला धास्ती असे. ते कधी चुकले नाहीत. आज वाटतं, चुकायला हवे होते.

पहिल्या चाचणीत मला पन्नासांपैकी अकरा मिळाले. त्या आठवड्यातला माझा लंबकाचा आलेख मात्र देखणा होता. पुढच्या सोमवारी दुसऱ्या वर्षाची एक उंच मुलगी रेझिस्टरांचा ट्रे घेऊन माझ्या शेजारी येऊन बसली. रेझिस्टर लावता लावता तिने विचारलं, "कुठवर कळलं?"

मी म्हटलं, "सरांनी फळ्यावर धड्याचं नाव लिहिलं, तिथवर."

ती खळखळून हसली. "मग तू पुढे आहेस. गेल्या वर्षी मला नुसती तारीख कळायची."

त्या एका वाक्याने मी शाखा बदलायचा अर्ज फाडला, असं म्हटलं तर ते पुन्हा फारच नेटकं होईल. अर्ज डिसेंबरपर्यंत दप्तरात होता. पण मी सोमवारची वाट बघायला लागले, हे खरं. तिला कोणी पाठवलं ते मला माहीत होतं. मी कोणाची मुलगी, हे तिला माहीत नव्हतं. घरी यावर बाबा बोलले नाहीत, मीही नाही.

बाबा निवृत्त झाल्यावर चार वर्षांनी मी त्याच प्रयोगशाळेत शिकवायला लागले. ऑफिसातल्या दोघातिघांना आमचं नातं ठाऊक होतं. मी ते मिरवत नाही याचं त्यांना कौतुक होतं. त्यांना तो माझा विनय वाटे. उपक्रमाबद्दल विद्यापीठाचं अभिनंदनाचं पत्र आलं, तेव्हा बाबांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. "भाषा भारी आहे," ते म्हणाले, "पण पोरं किती टिकली ते कुठाय यात?" मी आकडा सांगितला. एकशे बारा. त्यांनी डोळे मिटून हिशेब केला. "म्हणजे दोन वर्ग भरून," ते म्हणाले, आणि दिवसभर कुठल्या तरी गाण्याची शीळ घालत होते.

*

बाबा गेले त्या दुपारी फोन आला. पलीकडे ती उंच मुलगी होती. आता ती मोजमापाची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात मुख्य अभियंता आहे आणि उपक्रमासाठी वर्षातून एकदा व्याख्यान देऊन जाते.

"अगं, आपले लॅबमामा गेले. जुन्यांच्या ग्रुपवर आलंय," ती म्हणाली. तिचा आवाज फुटला होता. "त्यांच्यामुळे राहिले मी तिथे. तुला कळलं का?"

मी बाबांच्या खोलीच्या दारात उभी होते. म्हटलं, "हो."

आणि फोन ठेवला.

*

बैठक पुढे ढकला, असं प्राचार्यांनी सुचवलं. मी नको म्हटलं. चाचणीचे निकाल लागले होते आणि मुलं गळायची ती याच आठवड्यात.

बैठक प्रयोगशाळेतच होते. चाळीसेक सोबती स्टुलांवर बसले होते. मी बोलायला सुरुवात करणार, तोच ती सोबतीण उभी राहिली. तिसऱ्या वर्षाची, बडबडी, सोबती म्हणून तिचं हे दुसरं वर्ष.

"मॅडम, आधी माझं ऐका. माझ्या चौघींतली एक उद्या शाखा बदलायचा अर्ज देतेय."

"कुठवर कळलं, ते विचारलंस?"

"दर आठवड्याला. ती म्हणते, सगळं कळलं. आणि आलेख तर असा काढते, की चौकटीत लावावा."

"मग तिलाच सोबती करा," मागून कोणीतरी म्हणालं. सगळे हसले. ती हसली नाही.

"तुला काय येत नव्हतं, ते तिला माहीत आहे?" मी विचारलं.

"मी कशाला सांगू? मग ती मला विचारेल का?"

"मला जिने विचारलं होतं, तिने आधी सांगितलं, की तिला नुसती तारीख कळायची," मी म्हणाले. "आपला रेषेबाहेरचा ठिपका आपण आधी दाखवायचा. मग समोरचा दाखवतो."

तिने भुवया उंचावल्या. "मॅडम, हे गोष्टीत नव्हतं."

"नव्हतं."

"म्हणजे ती कोपऱ्यातली मुलगी तुम्ही?"

"मीच. अकरा मार्क होते मला."

चाळीस जणांत कुजबुज झाली. कोणीतरी 'अकरा' असं पुन्हा म्हणालं, जरा आनंदानेच. सोबतीण मात्र माझ्याकडे बघत राहिली. "हा झाला तुमचा रेषेबाहेरचा ठिपका," ती म्हणाली. "बरोबर?"

मी हो म्हणणार होते. अकरा मार्क सांगायला आता काहीच लागत नाही. पंचवीस वर्षांत ते गमतीचे होऊन जातात. तिच्यामागे उपकरणांचं कपाट होतं. सात नंबरचं स्टॉपवॉच अजून तिथेच असतं, चिकटवलेल्या चिठ्ठीसकट: 'अर्धा सेकंद खातं'. अक्षर बाबांचं.

"नाही," मी म्हणाले. "तो नव्हे."

मी टेबलाला धरलं.

"तू माझ्या घरी फाइल द्यायला आली होतीस. घरात एक म्हातारे गृहस्थ होते. तू त्यांना मामांची गोष्ट सांगितलीस."

"हो. तुमचे बाबा." तिचा आवाज खाली आला. "ते म्हणाले होते, बरा माणूस दिसतोय."

"गोष्ट छान सांगतेस, असंही म्हणाले. मला म्हणाले."

तिला कळायला लागलं होतं. कुठवर, ते मला तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"या कपाटापाशी तीन वर्षं मी त्यांना मामा म्हणत होते," मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "चारचौघांत दुसरं काही म्हणायची मला लाज वाटली. त्यांनी ते तीन वर्षं निभावलं, आणि वर मला इथे टिकवलं. तुम्ही इथे बसला आहात तेही त्यांच्यामुळे. हा उपक्रम माझा नाही. ते मामा माझे बाबा होते."