धुनीतली हिरवी ज्वाळा

"हरी उठी रे भिया! हरी!"

देवासच्या कारखान्यांमागच्या पडीक मैदानात सगळी गर्दी एकदम ओरडली. अंगारनाथ महाराजांच्या धुनीतून हिरवीगार ज्वाळा हातभर वर उठली होती. खातेगावहून ट्रॉली भरून आलेल्या बायांनी पदर पसरून जमिनीला डोकं टेकवलं. जान्हवीला डोकं टेकवणंही सुचेना. तिच्या कडेवर अडीच वर्षांचा आयुष होता आणि ज्वाळा त्याच्याच नावाने उठली होती.

धुनीची रीत घरातल्या दृष्टीसारखीच होती. आईने लेकरावरून मीठ, मोहऱ्या, मिरच्या ओवाळायच्या, मूठ महाराजांच्या हाती द्यायची आणि डोळे मिटून निंबाकडे चालू लागायचं. बोलायचं नाही, मागे वळून पाहायचं नाही. जमलेल्यांनीही पाठ फिरवायची, नाहीतर दुसऱ्याची बाधा आपल्या पोरावर. महाराजांनी हाक दिली की मगच वळून ज्वाळा पाहायची. ज्वाळा पिवळी उठली तर साधी नजर. हिरवी उठली, तर मात्र...

"परदेसी साया है माई!" महाराज डोळे फिरवत गरजले. "पासपोर्ट लेके आया है! झाडू-फूँक से नहीं जाएगा. अमावस को बच्चे को मेरी धुनी का धुआँ पिलाना पड़ेगा. तब तक पुड़िया चालू रख."

"ठेवते हो महाराज," जान्हवीच्या सासूबाई, अक्का, हात जोडून म्हणाल्या.

जान्हवी रसायनशास्त्रात एम.एस्सी. होती. पण त्या क्षणी तिला एकही सूत्र आठवलं नाही. आठवलं ते एवढंच, की आयुष दोन महिन्यांपासून पोट धरून रडतो, जेवत नाही आणि बोलायला लागलेले शब्द विसरत चाललाय. डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं होतं. गुण नव्हता.

घरी येताच तिने नवऱ्याला धुनीचं आणि पुडीचं सांगितलं. रत्नाकर कंपनीतून दमून आला होता.

"आईचं मन राहू दे ना. चिमूटभर पुडीने काय होतंय?"

"पण त्या पुडीत आहे काय?"

"भस्म असेल. देवाचं."

अक्का श्रावणापासून ती केशरी पुडी मधातून आयुषला चाटवत होत्या. दुखणं अगोदरचं की पुडी अगोदरची? जान्हवीने बोटांवर मोजून पाहिलं. आयुष कुरकुरत होता श्रावणाआधीही, पण त्याला दाढा येत होत्या. पोटाच्या कळा सुरू झाल्या त्या नंतर. तिने झोपलेल्या पोराचा ओठ हळूच वर केला. हिरडीच्या कडेला निळसर काळी रेघ होती, पेन्सिलीने ओढल्यासारखी.

दुसऱ्याच दिवशी अक्कांच्या नकळत तिने एक केशरी पुडी आणि धुनीवरून घरी आणलेला चमचाभर अंगारा इंदूरला पोचवला. तिथल्या एका प्रयोगशाळेत तिची वर्गमैत्रीण वैष्णवी काम करत होती. वैष्णवीचं संशोधन धातूंवरच होतं: धातूच्या अणूला भोवती दुसरे रेणू चिकटले की हवेच्या रूपात तो कसा वागतो, कुठे तुटतो. अणू-रेणूंचं वजन करणारं तिचं यंत्र खोलीएवढं होतं.

"पुडी आजपासून बंद. अक्का रागावल्या तरी बंद," हिरडीवरच्या रेघेचं ऐकताच वैष्णवीने फोनवर एवढंच सांगितलं होतं. जान्हवीने घरातल्या उरलेल्या पुड्या मोरीत ओतल्या. अक्कांनी अबोला धरला.

निकाल घ्यायला ती अमावस्येच्या सकाळी इंदूरला गेली. "मी आल्याशिवाय धुनीवर जाऊ नका," असं तिने चारदा बजावलं. अक्का मोहऱ्या निवडत राहिल्या.

वैष्णवीने कागदावरच्या आलेखाची टोकं दाखवली. "हे बघ. आपण नमुन्यातला धातू विरघळवून त्याचे भारित कण निर्वात नळीत उडवतो. हलका कण लवकर वळतो, जड उशिरा. त्यावरून वजन कळतं. ही तीन टोकं, दोनशे सहा, सात, आठ. शिसं असंच भावंडं घेऊन येतं. दुसऱ्या कुणाची ही सही नाही."

"शिसं?"

"शेंदूर आहे तो जानू. शिशाचाच. अंगाऱ्यात मात्र तांबं आणि क्लोरीन निघालं. हातात हात घालून, एकाच रेणूत."

जान्हवीला परतीच्या बसमध्ये बसवेना. तांबं आणि क्लोरीन. एकटं तांबं निखाऱ्यावर पडलं तर पडून राहतं. क्लोरीनने हात धरला की वाफ होऊन ज्वाळेत चढतं आणि हिरवं चमकतं. हे तर तिने स्वतः शिकलेलं, परीक्षेत लिहिलेलं! मग त्या दिवशी कुठे गेलं होतं ते सगळं?

घराला कुलूप होतं. शेजारची दुर्गा गॅलरीतून ओरडली, "वहिनी, अक्का तर आयुषला घेऊन कधीच निघाल्या! म्हणाल्या, सुनेला कशाला विचारायचं!"

जान्हवी धावत सुटली. चप्पल वाटेतच तुटली, ती तशीच टाकून.

मैदानात सगळ्यांनी पाठ फिरवलेली होती. अक्का डोळे मिटून निंबाकडे चालल्या होत्या. आयुष धुनीजवळ एका चेल्याच्या हातात होता आणि धुराने खोकत होता. जान्हवीच्या छातीत काहीतरी म्हणालं: पाहू नकोस, पोराला काही झालं तर? लहानपणापासून ऐकलेला तो आवाज होता.

तिने पाहिलं.

महाराजांनी मिठाची मूठ शांतपणे आसनाखाली नेली. तिथल्या डब्यात खुपसली. मूठ बाहेर आली तेव्हा बोटांना निळी भुकटी लागलेली होती. मोरचूद, तांब्याचा क्षार!

"डोळे उघडा!" ती किंचाळली आणि आधी आयुषला हिसकावून घेतलं. "सगळ्यांनी वळून पाहा!"

"पकड़ो इस औरत को! साया इसी पे चढ़ गया!"

चेले पुढे झाले, पण तोवर डबा तिच्या हातात होता आणि सगळी गर्दी वळून बघत होती. तिने धुनीच्या कडेची एक वीट उचलून सगळ्यांसमोर ठेवली, आयुषला काखेत दाबून धरत धुनीशेजारच्या थाळीतलं मीठ विटेवरून ओवाळलं आणि डब्यातली चिमूट मिसळून विस्तवात टाकलं.

हिरवीगार ज्वाळा.

मागून कुणीतरी म्हणालं, "ले भिया! ईंट को नज़र लग गई!"

कुणी हसलं, आणि पाठोपाठ सगळं मैदान हसू लागलं. जान्हवीला हसू आलं नाही. तिने नुसतं मीठ टाकलं, ज्वाळा पिवळी. पुन्हा चिमूट, हिरवी. "यात मोरचूद आणि नवसागर आहे. कल्हई करताना वापरतात ना, तो नवसागर. त्याने तांब्याची वाफ होते. बाधा-बिधा काही नाही. पण केशरी पुडी ज्यांच्या घरी आहे, त्यांनी ऐका. ते शिशाचं विष आहे. आजच डॉक्टरकडे न्या."

लोहारदा गावाहून आलेल्या एका बाईने कनवटीची पुडी काढली आणि हातातच धरून उभी राहिली. तिच्या मांडीपर्यंत येणाऱ्या पोरीचे ओठ पांढरे होते. गर्दी महाराजांकडे वळली तेव्हा आसन रिकामं होतं.

अक्का निंबाखाली बसल्या. "मीच चाटवली गं. माझ्याच हाताने. मधातून."

"तुम्हाला डोळे मिटायला सांगितलं होतं अक्का. मलाही."

आयुषवर इंदूरला उपचार सुरू आहेत. शिसं हाडात शिरतं, सावकाश निघतं. विसरलेले शब्द सगळे परत येतील का, हे डॉक्टर सांगत नाहीत. परवा तो अक्कांकडे बघून "पाणी" म्हणाला. अक्का ग्लास भरायला उठल्या आणि ओट्याशीच रडत राहिल्या.

दृष्ट काढायची तर काढा. मिठाने कुणाचं वाईट होत नाही. पण दृष्ट काढताना कुणी डोळे मिटायला, पाठ फिरवायला, प्रश्न गिळायला सांगितलं, तर नेमकं त्याच क्षणी मागे वळून पाहा. तुमच्या लेकराचा जीव त्या एका क्षणात असतो.