डावा स्पीकर चार बोटं पुढे

लोकांच्या घरी जाऊन स्पीकर नीट जागी लावून देणं हा माझा धंदा. सोपं वाटतं ना? वाटू दे. दोन स्पीकर, समोर एक खुर्ची, आणि गाणाऱ्याचा आवाज यायला हवा तो दोघांच्या बरोबर मधून, जिथे काहीच ठेवलेलं नाही तिथून. त्यासाठी मोजायची फीत लागते आणि कान लागतो. ग्राहकाची बडबड फुकट मिळते.

पियानो सुरात लावणाऱ्या काकांकडे पहिल्यांदा गेले, तेव्हा दारातच त्यांनी ऐकवलं, "आवाज उजवीकडे झुकतोय." मी खुर्चीत बसून ऐकलं. मला तर तो मधोमध येत होता. फीतही तेच सांगत होती. पण चाळीस वर्षं ज्यांच्या कानावर गावातले पियानो लागतायत, त्यांच्यापुढे बोलायची माझी काय टाप? गपगुमान डावा स्पीकर चार बोटं पुढे ओढला. "आता कसं!" काका खूश झाले, मीही खूश झाले.

दोन महिन्यांनी पुन्हा फोन. मी खिडकीच्या काचेवर खापर फोडलं, जाड पडदा लावायला सांगितला आणि स्पीकर आणखी चार बोटं पुढे घेतला.

परवा तिसऱ्यांदा गेले, तर मधल्या काळात काकांनी स्वतःच तो इतका पुढे आणला होता, की काकू त्याला अडखळून पडता पडता वाचल्या. "हा आता मांडीवरच बसवा यांच्या," त्या वैतागल्या.

माझंही डोकं फिरलं. दोन्ही स्पीकर खुर्चीपासून सारख्या अंतरावर आणले आणि वायरींसकट त्यांची अदलाबदल केली. स्पीकरमध्ये दोष असो वा वायरीत, काही ना काही फरक पडायला हवा होता.

"उजवीकडेच," काका म्हणाले.

मग मी काकांना उठवलं, खुर्ची उलटी फिरवली आणि त्यांना स्पीकरकडे पाठ करून बसवलं. आता मघाशी डाव्या हाताला असलेला स्पीकर त्यांच्या उजव्या हाताला आला होता. दोष खोलीचा असता, तर आवाज यावेळी डावीकडे जायला हवा होता.

काकांनी पुन्हा उजवा हात वर केला. आवाज खोलीत कुठे झुकतच नव्हता.

आता मूग गिळून बसण्यात अर्थ नव्हता. "काका, स्पीकर ठीक आहेत. तुम्हाला डाव्या कानाने कमी ऐकू येतंय."

"माझ्या कानाने?" ते भडकले. "पोरी, कोणाशी बोलतेयस कळतंय का?"

काकू भिंतीला टेकून उभ्या होत्या. "मी डाव्या बाजूने हाक मारली की हे ओ देत नाहीत," त्या हळूच म्हणाल्या. "मला वाटायचं, रुसलेत."

काकांचा हात डाव्या कानाकडे गेला.

दुसऱ्याच दिवशी काकूंनी त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. संध्याकाळी फोन आला तो काकांचा. डावा कान जवळपास गेलाय. आता तो परत यायचा नाही. अगदी सुरुवातीला दाखवला असता तर वाचवता आला असता कदाचित, असं डॉक्टर म्हणाले. हे सगळं त्यांनी दुसऱ्या कोणाबद्दल सांगावं तसं सांगितलं. एका कानावर पियानो लावायला ते जाणार नव्हते; दोन घरांना नाही म्हणून कळवलंही होतं.

"एक विचारू?" ते म्हणाले. "पहिल्या दिवशी तुला आवाज कुठून येत होता?"

खोटं बोलावंसं वाटलं. खरंच वाटलं. "मधून," मी म्हणाले.

"मग तेव्हाच बोलली का नाहीस?"