निळ्या मुखपृष्ठाआडची मी

मित्रांनो, मी एका पुस्तकाची जुनी ई-आवृत्ती आहे. मला ना कागद, ना शिवण, ना वाळवीची भीती. एका बाईच्या फोनमध्ये माझा मुक्काम आहे आणि तोही आता संपत आलाय. म्हणून भराभर सांगते.

माझी आई म्हणजे 'दोरकामाची वही' हे छापील पुस्तक. उंच इमारतींच्या काचा दोरावर लटकून पुसणाऱ्यांसाठी ते वस्तादांनी लिहिलं. चाळीस वर्षं दोरावर काढून हा माणूस धडधाकट खाली उतरला होता, त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन होतं. पुस्तकात फापटपसारा नाही. एक चित्र, त्याखाली एक ओळ, झालं.

मला मात्र प्रकाशकाच्या कचेरीत घाईघाईने संगणकावर तयार केलं. त्या गडबडीत मुख्य गाठीच्या पाच चित्रांपैकी चौथं गळलं. त्याखालची ओळही गेली. वर संगणकाने आगाऊपणा केला आणि पाचव्या चित्राला चार नंबर देऊन टाकला! आता कुणाला शंका येणार? गळलेल्या चित्रात दोराचं मोकळं टोक मुख्य दोराभोवती आणखी दोनदा फिरवून आत ओढलेलं होतं. तेवढं राहिलं तर गाठ दिसायला झकास दिसते, पण अंगाचा भार पडला की हळूहळू सरकते.

हे वस्तादांना कळलं तेव्हा ते कचेरीत येऊन असे कडाडले, की सगळी कचेरी कामाला लागली. लगेच दुसरी, सुधारित आवृत्ती निघाली. ती माझी धाकटी बहीण. तिला निळं मुखपृष्ठ मिळालं आणि आवृत्तीची ओळख सांगणारा नवा आयएसबीएन क्रमांकही मिळाला. चारही ऑनलाइन दुकानांना निरोप गेला: जुनी काढा, नवी लावा. तिघांनी ऐकलं. चौथ्याने नुसतं मुखपृष्ठ बदललं. बाहेर बहिणीचा चेहरा, आत मी! अशी मी विकली जाऊ लागले. मला फार लाज वाटायची, पण आम्हा पुस्तकांना कुणी उघडल्याशिवाय बोलता येत नाही, आणि उघडल्यावरही लिहिलंय तेवढंच बोलता येतं.

मला विकत घेतलं ते एका वहिनींनी. त्यांच्या मोठ्या नणंदबाई दोरावरच्या कामात मुरलेल्या, आणि जीभ दोरापेक्षा लांब. एवढे दिवस वहिनी शिडीवरून खालच्या काचा पुसायच्या. आता त्यांना दोरावर जायचं होतं. नणंदेला विचारलं तर आठवडाभर टोमणे खावे लागतील, म्हणून त्यांनी गुपचूप पुस्तकच घ्यायचं ठरवलं. नणंदेचा फोन दुसऱ्या कंपनीचा, तिचं दुकान वेगळं. वहिनींनी तिच्या फोनवरचं पुस्तक चोरून पाहून घेतलं. निळं मुखपृष्ठ, तेच नाव, तेच वस्ताद. आपल्या दुकानात तसंच दिसलं आणि त्यांनी मला घेतलं.

महिनाभर त्या स्वयंपाकघरात टेबलाच्या पायाला गाठी मारत होत्या. दर वेळी माझं ते पान उघडायच्या आणि मला ओरडावंसं वाटायचं. बाई, नका हो शिकू माझ्याकडून! पण कुणाला ऐकू जाणार?

अखेर तो दिवस उजाडला. अकरावा मजला, गच्चीवर भणभणता वारा. दोन दोर असतात, एक कामाचा आणि एक जिवाचा. वहिनींनी दोन्ही बांधले, दोन्ही माझ्याच पद्धतीने. मग मला शेवटचं एकदा बघून फोन खिशात टाकला आणि एक पाय कठड्यावर ठेवला. माझा जीव टांगणीला लागला.

"थांब," त्याच कामावर आलेली नणंद म्हणाली. "मी बघितल्याशिवाय कुणी जात नाही."

वस्तादांच्या माणसांची ही रीतच आहे. ज्याने बांधलं त्याने तपासायचं नाही. दुसऱ्याने तपासायचं, तेही मोकळ्या टोकाकडून उलट. समोरून गाठ बघितली की डोळा फसतो.

नणंदेची बोटं टोकावरून मागे सरकली आणि थबकली. "टोक कुठे बंद केलंस?"

"असंच असतं ते. पुस्तकात बघून बांधलंय."

"कुठलं पुस्तक? वस्तादांचं? मग मी काय डोळे मिटून वाचलं?"

गच्चीच्या दारातून मुकादम ओरडला, "अहो, सासर-माहेर घरी करा! लवकर उतरा!"

वहिनींच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "वन्सं, मला कमी दाखवायचं म्हणून हे चाललंय ना? सोडा, मी जाते."

"अगं ए बये, जायचंय कुठे तुला? वर?" नणंदेने वहिनींचा पट्टा घट्ट धरला. "काढ तुझं पुस्तक."

दोन फोन शेजारी शेजारी धरले. दोन्ही निळे. एकात चार चित्रं, एकात पाच. वहिनींचा चेहरा पडला. "मग खरं कुठलं? तुमच्यातच एक जास्तीचं आलं असेल तर?"

"मुखपृष्ठ काय बघतेस? दोर बघतो तसं बघ. शेपटीकडून."

नणंदेने मला थेट शेवटच्या पानावर नेलं. माझी खरी ओळख तिथे बारीक अक्षरांत होती: पहिली ई-आवृत्ती, तारीख, आयएसबीएन. बहिणीच्या शेवटच्या पानावर दुसरी, सुधारित. क्रमांक निराळा. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी ओळखलं होतं. हायसं वाटलं हो!

वहिनी कठड्यापासून मागे आल्या. नणंद काहीच टोचून बोलली नाही. पाचांतलं चौथं चित्र समोर धरून म्हणाली, "सोड दोन्ही. परत बांध. मी आहे इथे." वहिनी तासाभराने पाच मजले लखलखीत करून सुखरूप उतरल्या.

पुरावा म्हणून त्यांनी मला जपून ठेवलं आणि दुकानाला माझ्या शेवटच्या पानाचा फोटो पाठवला. आज उत्तर आलं. मला तिथून काढलं, बहिणीला बसवलं. वहिनींचा अंगठा आता माझ्यावर आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुमच्यापाशी गयावया करतात की आम्हाला टाकू नका. मी उलटं मागते. माझ्या आणखी कितीतरी प्रती निळा चेहरा लावून कुणाकुणाच्या फोनमध्ये बसल्यात आणि त्यांना ओरडता येत नाही. तेव्हा पुस्तक उघडलंत की आधी शेवटच्या पानावर जा. तिथे मी सापडले तर दयामाया दाखवू नका, पुसून टाका.

दाबा, वहिनी.